नाव सांगितलं की गुण जातो

औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत आणि औषधाचं नाव सांगायचं नाही, असे दोन नियम आमच्याकडचे झाडपाला देणारे पाळत आले. पहिल्या नियमापुढे आपण हात जोडतो. दुसरा मला कधी पटला नाही, आणि वय वाढलं तसं वाटायला लागलं, की हे दोन नियम एकमेकांची पाठ राखतात.

पहूर पेठेत कावीळीचं औषध देणारे एक आजोबा होते. रविवारी आणि बुधवारी, सूर्य उगवायच्या आधी, रोग्यानं उपाशीपोटी यायचं. ते वाघूरच्या काठावरून पाला आणत, घरातच वाटत, आणि दुधातून देत. तेल, तूप, हळद बंद. मारुतीपुढे नारळ फोडला की झालं. कोणी विचारलंच तर म्हणत, “नाव सांगलं का गुन जातो, भाऊ.”

पुष्कळ लोक बरे होत. खोटं कशाला सांगू? पण गढूळ पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. विश्रांती आणि पथ्यानं शरीर सावरतं, यश पाल्याला जातं. पित्ताच्या नळीत खडा अडकून कावीळ झाली असेल तर मात्र पाल्यानं खडा हलत नाही. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं तसंच झालं. महिना औषधात गेला. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. आजोबा दारावर बसायला आले, डोळे पुसत म्हणाले, “म्या एक पैसा घेतला नाही हो.” आणि घरचेही तेच म्हणाले, त्यांनी कुठं पैसे घेतले!

फुकट दिलेल्याचा जाब विचारायचा नाही, ही आपली रीत. डॉक्टरनं हजार रुपये घेतले असते तर दवाखान्यापुढे गर्दी जमली असती. आजोबा लबाड नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण माणूस निर्लोभी आहे म्हणून त्याचं औषध खरं, हे कसं?

याउलट दगडीपाला घ्या. विळा लागला की बांधावरचा पाला चुरगाळून रस जखमेवर पिळायचा, हे गुराखी पोरालाही ठाऊक. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, म्हणजे फार तर काही शतकांपूर्वीचं इथलं. तरी आपण त्याला आजीबाईच्या बटव्यात बसवून टाकलं. कसं? कोणी लपवलं नाही म्हणून. ज्यानं त्यानं लावून पाहिलं. चरकसंहिताही सांगते, की वनस्पतींची नावं आणि रूपं गुराखी, मेंढपाळ, रानात राहणारे यांना ठाऊक असतात. त्यांचा उपयोग कसा करायचा हे जाणतो तो वैद्य.

लपवण्याची एक बाजू मला कळते. सातपुड्यातल्या सफेद मुसळीला भाव आला आणि ती मुळासकट खणली गेली. नाव फुटलं असतं तर वाघूरचा काठही लोकांनी ओरबाडला असता. शिवाय चोरीची भीती. 1995 साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलंच की! पण ते सोडवलं कशानं? डॉ. माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरनं जुने लेखी पुरावे पुढे ठेवले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झालं. आपल्या आज्यांनी हळद मुठीत झाकून ठेवली असती, कुठं लिहूनच गेली नसती, तर दाखवायला काय होतं?

आजोबा गेले. तो पाला भुईआवळीचा होता असं काहीजण म्हणतात, काहीजण दुसरंच नाव घेतात. त्यांच्या मुलाकडे अजूनही कोणी पिवळ्या डोळ्यांचं पोर घेऊन येतं. तो ओट्यावरूनच सांगतो, “बाबांनी मले काही सांगलं नाही. दवाखान्यात न्या, रगत तपासून घ्या.” लोक जरा वेळ उभे राहतात, आणि मग जातात.