एका पैची चूक



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५

भगवंत इथे सांगतात, माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं, खाली लोटू नये; कारण आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू. हा श्लोक मी कितीदा तरी वाचला होता. खरा कळला तो मागच्या दिवाळीनंतर.

माझा फराळाचा छोटा व्यवसाय आहे. गेल्या दिवाळीत ऑर्डरी घटल्या. कोणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, "मार्केट डाऊन आहे. लोक सगळं ऑनलाइन मागवतात."

एका रात्री जुन्या वह्या काढून बसले. दरवर्षी चकली नेणारी ११ घरं यंदा आलीच नव्हती. त्यातल्या एका काकूंना फोन केला. त्या जरा थांबून म्हणाल्या, "राग मानू नकोस गं, पण चकलीला खवट वास येत होता."

मंडळी, मला कारण माहीत होतं! मी स्वस्त तेल आणलं होतं आणि तेच पुन्हा पुन्हा तापवलं होतं. वहीत ती 'बचत' म्हणून लिहिली होती. पाकिटावर मात्र 'घरगुती चव'च छापलेलं.

तेव्हा नाथ महाराजांची कथा आठवली. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे ते हिशेबाचं काम पाहायचे. एकदा एका पैचा मेळ लागेना. रात्रभर जागून शेवटी चूक सापडली, आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी विचारलं, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, मग जन्माच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल?

मी इतके दिवस कथेतली रात्रभराची जागरणच पाहत होते. टाळी मला दिसलीच नव्हती. चूक सापडली म्हणून नाथ लाजले नाहीत, स्वतःला दोष देत बसले नाहीत. मेळ लागला, याचाच आनंद! स्वतःला कोसत बसणं म्हणजे खाली लोटणं. चूक मान्य करून दुरुस्त करणं म्हणजे वर काढणं.

दुसऱ्या दिवशी तेल बदललं. ११ घरांना खरं काय ते सांगितलं आणि ताजी चकली पैसे न घेता पाठवली. सगळे परत आले नाहीत. पण रात्री वही मिटताना आता छातीवर दडपण नसतं.

तुमचा कॅफे असो, क्लास असो, की इन्स्टावरचं दागिन्यांचं पेज, आज झोपण्याआधी देवासमोर पाच मिनिटं बसा आणि स्वतःला तीनच प्रश्न विचारा. गल्ल्यातले पैसे घरखर्चाला घेतले, ते लिहिले का? कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत? आणि जे दुसऱ्याच्या माथी मारतोय, त्यात माझा वाटा किती?

देवाला आपला ताळेबंद आधीच ठाऊक आहे. तो आपण वाचायचा राहिलाय, एवढंच.

राम कृष्ण हरी!