‘डिटर’ आणि ‘प्रोटेक्ट’: एका क्रियापदाची नैतिकता

समानार्थी शब्दांतील निवड हा शैलीविचाराचा विषय मानण्याची आपल्याकडे रूढी आहे. ही निवड नैतिक कृतीही असू शकते, हे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या एका संहितेत दिसते. बोस्नियात पाठविलेल्या सैन्याच्या नावातच ‘प्रोटेक्शन’ हा शब्द होता. एप्रिल १९९३ मध्ये परिषदेने वेढ्यात सापडलेले स्रेब्रेनिका ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित केले. ४ जून १९९३ च्या ८३६ क्रमांकाच्या ठरावाने अशा क्षेत्रांत सैन्याचे कार्य सांगितले, तेव्हा मात्र आदेशवाक्यात क्रियापद आले ते ‘डिटर’. मसुदाकारांची शब्दांविषयीची सावधगिरी पाहता हा योगायोग मानणे कठीण आहे.

‘प्रोटेक्ट’च्या लॅटिन मुळाशी पुढे होऊन झाकणे ही क्रिया आहे, ‘डिटर’च्या मुळाशी भय घालून दूर सारणे. (‘टेरर’ हा याच कुळातला.) पण व्युत्पत्तीपेक्षा व्याकरण अधिक बोलके आहे. ‘प्रोटेक्ट’चे कर्म म्हणजे रक्षिला जाणारा माणूस, ‘डिटर’चे कर्म म्हणजे हल्ला. ज्याच्यासाठी हे सारे आरंभिले, तो रहिवासी या वाक्यात कुठेच उभा नाही. शिवाय भय निष्प्रभ ठरले की ‘डिटर’चे कार्य संपते, ‘प्रोटेक्ट’चे तेथूनच सुरू होते.

यावर एक आक्षेप संभवतो. महासचिवांनी सुमारे ३४,००० जादा सैनिकांचा अंदाज दिला असता परिषदेने सुमारे ७,६०० वर भागविले; मग मोठे वचन न देणारे क्रियापदच प्रामाणिक नव्हे काय? मला तसे वाटत नाही. रहिवाशांपर्यंत क्रियापद पोचले नव्हते, ‘सुरक्षित’ हे विशेषण पोचले होते. आणि अपुऱ्या बळाने धाकही बसत नाही.

मराठीत ‘डिटर’साठी योजिला जाणारा ‘परावृत्त करणे’ हा प्रयोग त्यातले भय पुसून टाकतो. ‘धाक’ हा शब्द अधिक खरा. त्याच्यासमोर ‘अभय’ ठेवून पाहावे: धाक आक्रमकाला द्यावयाचा, अभय भयभीताला, आणि अभय देणारा स्वतःला पणाला लावतो. स्रेब्रेनिकात अभयाचे नाव दिले गेले, धाक मात्र कुणालाच बसला नाही.

११ जुलै १९९५ रोजी नगर पडले. त्यानंतर आठ हजारांच्या आसपास पुरुष व मुलगे मारले गेले. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यसंस्थेवर उत्तरदायित्व ठेवले ते डच सैन्याच्या तळाच्या आत आश्रय घेतलेल्या सुमारे ३५० पुरुषांपुरते. तेथेच राहू दिले असते तर वाचण्याची त्यांची शक्यता दहा टक्के होती असे मानून, दहा टक्के.