आंबोलीची गर्दी
20 ऑक्टोबर 2011 च्या रात्री अंधेरीत आंबोली येथे, मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकले म्हणून दोन तरुणांवर सुऱ्याचे वार झाले. भोवती गर्दी होती. मदतीस कोणी धावले नाही, असे सोबत्यांनी सांगितले. दोघेही दगावले. 2016 साली चौघांना जन्मठेप झाली.

कायद्याने आपले काम केले. त्या गर्दीचे काय? तिला दोष देणे सोपे आहे. सुऱ्यापुढे कदाचित आम्हीही थबकलो असतो. परंतु उपनगरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, हे सुरा काढणाराही जाणतो. दयाळू शोमरोन्यावर आम्ही वेदीवरून पुष्कळ बोललो. चर्चच्या भिंतीपलीकडील वस्तीतल्या मुलांची नावे मात्र आम्हांस ठाऊक नाहीत. पोलीस वाढवावेत, हे खरेच. त्या मुलांसाठी आमचे मैदान अजून कुलूपबंद आहे.