लॉर्ना ऐकायची, तर कुठून?

चि. सोनूस,


आय. सी. कॉलनीतल्या मैत्रिणीच्या लग्नात बँडने ‘बेबदो’ वाजवलं आणि ते काही तुझ्या डोक्यातून जाईना, म्हणून ते मुळात गाणाऱ्या लॉर्नाचं आधी काय ऐकू असं विचारतेस. तू पाठवलेली यादी पाहिली. त्यातली निम्मीअधिक गाणी दुसऱ्यांनीच गायलेली आहेत, उरलेल्यांत कराओके आणि रीमिक्स. ती सगळी आधी काढून टाक. इथे नुसतं गाणं निवडून भागत नाही, रेकॉर्डिंग निवडावं लागतं.

कारण लॉर्ना कोर्देरोचा आवाज आणि क्रिस पेरीचा बँड एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. लॉर्ना मुंबईत वाढलेली गोंयकार मुलगी, पेरी मडगावचा, 1928 चा जन्म, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा. साठच्या दशकात चर्चगेटच्या हॉटेलांतून रोज रात्री जॅझ चालायचा. तिथले गोव्याचे वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत नोटेशन वाचून वाजवायचे. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ला (1951) त्यांच्यातल्याच चिक चॉकलेटच्या ट्रंपेटची साथ होती. तेव्हा जॅझ आपल्याकडच्या रेडिओवर तुझ्या आजीच्या काळापासून वाजतोय, फक्त कुणी त्याला जॅझ म्हटलं नाही. पेरीने हॉटेलातलं ते संगीत कोकणी गाण्यात आणलं आणि ते गायला त्याला लॉर्नाचा गळा मिळाला.

एक मला नेहमी खटकतं. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या गायिका आपण कधीच आपल्या मानल्या. लॉर्ना त्याच गोव्याची, भाषा तर आपल्याला निम्मी समजतेच, पण मराठी घरांत तिचं नाव निघत नाही. असो.

लॉर्नाची गाणी यायची एच.एम.व्ही.च्या छोट्या ई.पी.वर. सात इंची तबकडी, 45 चा वेग, एका बाजूला दोन गाणी. तीनेक मिनिटांत सगळं आटपायचं म्हणजे फापटपसाऱ्याला जागाच नाही. ‘बेबदो’ पुन्हा लाव, पण या खेपेला मूळ ध्वनिमुद्रण. पहिल्यांदा तिच्याकडे लक्षच देऊ नकोस, फक्त पितळी वाद्यं ऐक. लॉर्ना ओळ संपवते न संपवते तोच ती मध्ये घुसतात, उत्तर देतात, बाजूला होतात. दुसऱ्यांदा तिला ऐक. तालाच्या डोक्यावर शब्द आपटायची तिला घाई नसते, किंचित मागे रेंगाळते आणि मग बरोब्बर गाठते. तू तबल्याला बसतेस, तुला हे सांगावं लागणार नाही. लग्नातल्या बँडला सूर सापडला होता, हे रेंगाळणं नाही.

मग ‘पिसो’. त्यानंतर लगेच ‘नशिबाक रडटां’ आणि ‘लिस्बोआ’ लावू नकोस. ती गाणी रात्रीची. एका बैठकीत दोन पुरेत. आणि कृपा करून बोरिवली फास्टमध्ये इयरफोनवर नको. गाडीच्या खडखडाटात आवाज वाढवावा लागतो, ट्रंपेट कानात टोचतो आणि ड्रम्सचं काम हरवतं. घरी, पंखा बंद करून, साध्या स्पीकरवर. एखाद्या प्रतीत तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत असेल, तर ती सोडून दुसरी शोध.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती गाण्यातून बाहेर पडली आणि दोन दशकांहून जास्त काळ गायलीच नाही. का, याच्या कहाण्या तुला भरपूर मिळतील. मला त्यांत रस नाही. 1995 च्या डिसेंबरात मिरामारला रॉनी मोन्सेरात यांच्या बँडबरोबर ती पुन्हा उभी राहिली, ‘हॅलो लॉर्ना’ हा संग्रहही त्याच वर्षीचा. हे तू महिनाभराने ऐक, आधी नको. जाणकार म्हणवणारे काही जण पुनरागमनानंतरचं सगळं उडवून लावतात, मला ते पटत नाही. जॅझ गायिका बिली हॉलिडेचंही असंच. तिची 1935 च्या सुमाराची, टेडी विल्सनच्या पियानोबरोबरची गाणी ऐक, आणि मग 1958 मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं ‘लेडी इन सॅटिन’. गळा थकलेला आहे हे लपत नाही, शब्द मात्र जास्त वजनाने येतात. तरुण आवाज कानात नीट बसलेला असला, तरच उतारवयातला आवाज नुसता थकलेला वाटत नाही.

‘नाचूं-या कुंपासार’ हा याच गाण्यांभोवती फिरणारा 2014 चा कोकणी चित्रपट सगळ्यात शेवटी बघ. बार्ड्रॉय बार्रेतोने चांगला केलाय, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण आधी पाहिलास तर प्रत्येक गाण्याला पडद्यावरचा चेहरा चिकटेल.

चोरबाजारात ई.पी. शोधायला जाणारच असशील, तर तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघ. वरवरचे केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा असेल तर सुई तिथेच अडकते. पाकीट फाटकं असेल तर भाव निम्मा कर. माझ्या प्लेअरचा वेगाचा खटका सैल झालाय, 45 ची तबकडी 33 वर गेली की लॉर्ना पुरुषासारखी गाते. तू येशील त्या रविवारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये.

तुझा,
मामा