ब्रेकचा आवाज
आजचं चिंतन : भगवद्गीता ३.६



हातपाय आवरून बसलेला, पण मनात विषयच घोळवणारा माणूस भगवंतांच्या मते मिथ्याचारी. मला वाटायचं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे.

मोखाड्याहून जव्हारला येताना उतारावर ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किंचाळल्यासारखा आवाज यायचा. मी काय केलं? हरिपाठाचा आवाज वाढवला! असे आठ दिवस. मागे आई टाळ्या वाजवायची. तिला वाटलं, मुलगा भक्तीत रंगलाय.

शेवटी मेकॅनिकने चाक खोललं. पॅड झिजत आलं की त्याची बारीक पत्री डिस्कला घासून ओरडते. ती त्यासाठीच बसवलेली असते. पॅड दोन मिलिमीटरही उरलं नव्हतं. "ऐकू आलं नाही का, दादा?" आलं होतं की. दोन्ही बाजूंचे पॅड बदलले (एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी ओढते).

गाडी माझी, पैसे माझे, म्हणून उशीरही माझाच, असं मी धरून चाललो होतो. पण त्याच वळणांवर डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया चालतात, शाळेची पोरं चालतात. त्यांनी माझा आळस का सोसायचा? आणि आवाज झाकायला लावलेला हरिपाठ, तो देवापर्यंत कसा पोचणार?

आईला हे अजून सांगितलेलं नाही.