सुखाची गाडी

ओहायोतल्या एका स्नेह्याने परवा मला आपली गोल्डविंग चालवायला दिली. मी जन्माचा क्रूझरवाला. हाडे खिळखिळी झाल्याखेरीज प्रवास झाला असे मला वाटतच नाही! ही गाडी १८३३ सीसीची, सहा सिलिंडरांची, वजनाने पावणेचारशे किलोंच्या वर. मागे घ्यायला चक्क रिव्हर्स. पण सुटली की पाण्यावर होडी जावी तशी.

तासाभराने ध्यानात आले, दुतर्फा मक्याची शेते असून त्यांचा वास मला आलाच नव्हता. मी हळहळलो. आरशात पाहिले तो मागे पत्नी हसत होती. वीस वर्षे माझ्यामागे तिची पाठ धरत होती. तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. सोसण्यात गोडी असेलही, पण माझ्या गोडीसाठी तिने का सोसावे?

उतरताना ती म्हणाली, "परत कधी द्यायचीय?"