अनिकेताचे घर

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा जो संवाद आहे, त्यात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले असून सर्प हा त्यांतला एक आहे, आणि सर्पाकडून त्याने घेतलेला धडा ना विषाचा आहे ना कात टाकण्याचा, तर घर न बांधण्याचा आहे. नश्वर देहासाठी घराचा खटाटोप करणे हेच दुःखाचे मूळ असून, सर्प जसा दुसऱ्याने केलेल्या बिळात शिरून सुखाने राहतो तसे साधकाने राहावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. तेथे दोन शब्द येतात: 'अनिकेत', म्हणजे ज्याला स्वतःचे ठिकाण नाही असा, आणि 'अलक्ष्यमाण', म्हणजे ज्याचे वागणे कोणाच्या नजरेत भरत नाही असा. एकनाथांनी याच स्कंधावर रचलेले आणि शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केलेले भागवत मराठी घरांत वाचले गेले, त्यामुळे हा सर्पगुरू मराठी वाचकाला परका नाही. लोकभाषेने मात्र हेच निरीक्षण टोमणा म्हणून वापरले. वारूळ वाळवीने बांधायचे आणि त्यात राहायचे सापाने, म्हणून 'आयत्या बिळावर नागोबा'. अवधूताला जे वैराग्य दिसले ते गावकीला फुकटेपण दिसले, आणि दोघांचेही पाहणे बरोबरच होते.

ज्याला परंपरेने अनिकेत म्हणून गुरू मानले, त्याला माणसाने स्वतःच्या हाताने घर करून द्यावे काय, आणि दिलेच तर त्या घराची एक भिंत काचेची असावी काय, हा प्रश्न वरवर साप पाळणाऱ्या हौशी लोकांच्या सुतारकामाचा वाटला तरी मुळात धर्माचा आहे.

सोलापूर जिल्ह्यातील माढा परिसरात या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी आहे. उजनी धरणाचे पाणी आल्यावर ऊस आला, उसामागे उंदीर आले आणि उंदरांमागे साप. पण साप आणि माणूस एका छताखाली राहण्याची गोष्ट त्याआधीची आहे. या जिल्ह्यातले माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या-काटक्या पसरून वर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर, फटी आणि गारवा यांमुळे सापाला आयतेच घर होते. माढ्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील शेटफळ हे गाव 'नागोबाचे शेटफळ' म्हणूनच ओळखले जाते. तेथे नाग मारत नाहीत, आणि घराच्या आढ्यात त्याच्यासाठी जागा राखली जाते, असे त्या गावाविषयी सांगितले जाते. ही राखलेली जागा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त, कारण तिला दार नाही. नाग येईल, न येईल, आला तरी दिसेलच असे नाही.

बंदिस्त घराची परंपराही महाराष्ट्रात आहेच. गारुड्याची शेणाने लिंपलेली बांबूची टोपली हे तिचे एक रूप. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी पकडलेले नाग तोंडावर फडके बांधलेल्या मातीच्या गाडग्यांत ठेवीत, हे दुसरे. शिराळ्याची आख्यायिका या विवेचनात महत्त्वाची आहे: गोरक्षनाथ भिक्षेला आले असता महाजनांच्या घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत असल्याने भिक्षेला उशीर झाला, आणि तेव्हा नाथांनी जिवंत नागाची पूजा करण्यास सांगितले, अशी ती कथा आहे. प्रतिमा सोडून साक्षाताकडे वळा, असा तिचा अर्थ लागतो. पण साक्षाताला गाडग्यात कोंडले की तोही प्रतिमेसारखाच हवा तेव्हा हाताशी येतो, ही अडचण आख्यायिका सोडवत नाही. ती पुढे कायद्याने हाताळली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग पकडणे गुन्हा ठरले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या.

आज जे हौसेने साप पाळतात त्यांना देशी साप ठेवताच येत नाही. परदेशी जातींपैकी बॉल पायथनसारखा शांत आफ्रिकी अजगर नोंदणी करून ठेवता येतो. त्याच्यासाठी घरच्या घरी पेटी करण्याची रीत साधी आहे: जुने शोकेस किंवा प्लायवुडची पेटी, पुढे ॲल्युमिनियमच्या पट्टीत सरकणारी काच, बाजूंना हवेसाठी भोके, तळाला वर्तमानपत्र. पेटीचे एक टोक साधारण ३२ अंश आणि दुसरे २६ अंशांच्या आसपास असावे लागते, कारण सापाचे शरीर स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही आणि ती त्याला जागा बदलून मिळवावी लागते. थंड देशांत दिवा लावून ऊब द्यावी लागते. माढ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपुढे जातो, तेथे खरे काम पेटी थंड ठेवण्याचे. भोकांऐवजी तारेची जाळी लावली तर सुटू पाहणारा साप तिच्यावर नाक घासून घासून रक्ताळतो. आणि सर्वांत आवश्यक गोष्ट म्हणजे लपण, ज्यात वेटोळे घालून अंग चारही बाजूंनी टेकेल असा अंधारा, अरुंद कोपरा. तो नसेल तर असा अजगर अनेकदा खाणे सोडतो. येथे या सुतारकामाचे अंतर्गत वैर उघड होते, कारण पेटी जितकी सापाच्या सोयीची तितका तो कमी दिसतो, आणि जितकी पाहणाऱ्याच्या सोयीची तितका तो कासावीस. सापाला पापण्या नाहीत, डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो. उजेडापुढे डोळे मिटून घेण्याची सोयही त्याच्याकडे नाही.

दर्शन आणि प्रदर्शन हे शब्द एकाच धातूचे असले तरी दर्शनात पाहणारा जातो आणि प्रदर्शनात पाहिला जाणारा आणला जातो. दर्शनाचाही भार असतो, हे माढ्याच्या लोकांना शास्त्रातून शिकावे लागत नाही, पंढरपूर जवळच आहे. आषाढी वारीच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढतात, रात्रंदिवस दर्शन चालते, आणि वारी सरल्यावर देवाचा शिणवटा घालवण्यासाठी प्रक्षाळपूजा करतात. पाहिले जाण्याने दगडी मूर्तीतला देव थकतो, असे मानणाऱ्या परंपरेने काचेआडच्या जिवंत प्राण्याला थकवा नसतो असे धरावे, हे विचित्र आहे. काचेची उलट बाजूही एकदा दिसली होती: १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा प्रदर्शनात माणूसही होता, फरक एवढाच की त्याचे तास मोजलेले होते.

पेट्या मोडून टाकाव्यात असा याचा निष्कर्ष निघत नाही. पेटीतच जन्मलेल्या आफ्रिकी अजगराला माढ्याच्या माळरानावर सोडणे ही दया नव्हे. पण ज्याने सापाची ये-जा बंद केली त्याच्यावर लपणाचे ऋण येते, आणि ते फेडण्याचे साधन शिराळ्यातल्या त्या गाडग्याइतकेच स्वस्त आहे. कुंभाराकडचे गाडगे घ्यावे, काठाला सापाच्या अंगाएवढी खाच फोडावी, धार कानशीने घासावी आणि ते पेटीत थंड टोकाला पालथे घालावे. मग काचेसमोर बसणाऱ्याला बहुतेक दिवस गाडगेच दिसते, नागपंचमीला वारुळापुढे लाह्या ठेवून परतणाऱ्या बाईला वारूळच दिसावे तसे.